बेरीज तपासणारे ठिपके: एका गणित-संचाचे परीक्षण

देवगड तालुक्यातील आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीसाठी यंदा व्हिज्युअल क्रिप्टोग्राफीवर, म्हणजे चित्र ठिपक्यांच्या दोन पृष्ठांत लपवण्याच्या पद्धतीवर, आधारलेला बेरजेचा एक संच आणला. त्यात कागदी उदाहरणपत्रे आणि २० पर्यंत क्रमांक घातलेल्या पारदर्शक शीट आहेत. पत्रावर ‘७ + ५’ एवढेच वाचता येते; त्याखाली नुसता काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा गोंधळ असतो. १२ क्रमांकाची शीट त्यावर नीट बसवली की त्या गोंधळातून आंबा उभा राहतो. ११ किंवा १३ ची ठेवली तर काहीच दिसत नाही. एरवी उत्तर विचारले की खाली मान घालणारी एक मुलगी “बाई, आंबो इलो!” म्हणून ओरडली, तेव्हा या संचाची खरी किंमत मला कळली. उत्तर बरोबर की चूक हे सांगायला इथे बाई लागत नाहीत, आणि लाल फुलीही लागत नाही.

ही पद्धत मोनी नाओर आणि आदी शमीर या संगणकशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मांडली. चित्रातील प्रत्येक ठिपक्याचे दोन भाग करतात आणि दोन्ही पृष्ठांवर, म्हणजे पत्रावर आणि शीटवर, त्यांपैकी एकच भाग काळा ठेवतात. जिथे चित्र पांढरे हवे तिथे दोन्हीकडे तोच भाग काळा असतो, म्हणून एकावर एक ठेवल्यावर अर्धेच काळे, म्हणजे राखाडी दिसते. जिथे काळे हवे तिथे उलटसुलट भाग काळे असल्याने सगळे झाकले जाते. डावा की उजवा हे प्रत्येक ठिपक्यासाठी नाणे उडवल्यासारखे ठरवलेले असते, त्यामुळे एकटे पृष्ठ कितीही निरखले तरी त्यातून काहीच कळत नाही.

माहितीपत्रकात न सांगितलेला एक उपयोग मी तिसरीच्या मुलांसाठी करून घेतला. चौकटीच्या कागदावर मोठे चौकोन आखून डावा भाग काळा असेल तर सम आणि उजवा असेल तर विषम असे ठरवले. सम अधिक सम किंवा विषम अधिक विषम केले की सम, म्हणजे राखाडी. सम अधिक विषम केले की विषम, म्हणजे काळा. सम-विषमाचा जो नियम मुले एरवी घोकून विसरतात, तो त्यांनी पेन्सिलीने रंगवत स्वतःच शोधला.

अशा प्रकारच्या गुप्तलेखनात एक किल्ली, म्हणजे इथे एक शीट, एकदाच वापरायची असते. या संचात मात्र ७ + ५, ८ + ४ आणि ९ + ३ या तिन्ही पत्रांना १२ ची एकच शीट चालते. शास्त्राच्या दृष्टीने हा दोष असला तरी शिकवण्याच्या दृष्टीने ही मोठी जमेची बाजू आहे, कारण एकच संख्या किती वाटांनी तयार होते हे मुलाच्या हातातच येते.

तरीही हा संच बेरीज शिकवत नाही, केलेली बेरीज तपासतो. संच बेरीज शिकवतो हा वेष्टनावरचा दावा त्यामुळे मला पटत नाही. मोकळे सोडले तर मूल एकामागून एक शीट ठेवून पाहत बसते, म्हणून उत्तर आधी पाटीवर लिहायचे आणि मगच शीट उचलायची, हा नियम आम्ही केला. मणी आणि काड्या याआधी हाताळलेल्या असायलाच हव्यात.

सर्वांत मोठी अडचण आपल्या हवेची आहे. आषाढात कागद ओल धरून किंचित पसरतो, प्लास्टिकची शीट पसरत नाही. देठाकडे जुळवले तर आंब्याचा खालचा भाग विरघळल्यासारखा नाहीसा होतो. पत्रे पावसाळ्यापूर्वीच लॅमिनेट करून घ्यावीत. झेरॉक्स काढून संच वाढवू नये, कारण यंत्र पान जरासे लहान-मोठे करते आणि तेवढ्या फरकानेही चित्र बिघडते. चित्रातील पांढरे मुळात राखाडीवर येत असल्याने आभाळ भरून आलेल्या दिवशी कौलारू वर्गात ते ओळखू येत नाही. तेव्हा मुलांना खिडकीजवळ बसवावे लागते.

वरच्या इयत्तांसाठी याच निर्मात्यांचा वजाबाकीचा संचही मिळतो, पण त्यातले ठिपके इतके बारीक आहेत की मुलांच्या हातांना ते जुळवता येत नाहीत. ठिपके मोठे करून आणि चारही कोपऱ्यांत जुळणीच्या खुणा छापून तो पुन्हा काढला, तर मी तो शाळेसाठी नक्की घेईन. तोपर्यंत बेरजेचाच संच घ्यावा.