0-0-50 ची बॅग, गार पाणी आणि तळाला बसलेला साका

तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे, चार एकर. मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ पडायला लागले, की आम्ही ड्रीपमधनं 0-0-50 हे पोटॅशचं खत देतो, तसं यंदा पण 25 किलोची बॅग आणली. पहिल्या दिवशी एवढा वैताग आला की लगेच एक स्टार देऊन मोकळा होणार होतो, पण बरं झालं थांबलो.

झालं असं की जानेवारीतली सकाळ, कडाक्याची थंडी, 200 लिटरच्या बॅरलमध्ये आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेलं पाणी आणि त्यात अख्खी बॅग ओतली. अर्धा तास काठीनं ढवळतोय तरी तळाला वाळूसारखा साका तसाच. वरचं पाणी व्हेंच्युरीला, म्हणजे ड्रीपच्या लाईनमध्ये खत ओढून घेणाऱ्या नळीला, लावलं तर थोड्या वेळात फिल्टर चोक. मला वाटलं मालात भेसळ आहे, दुकानदाराला फोन करून नको ते बोललो पण.

मुलगी नववीत आहे, ती म्हणाली पप्पा आधी पाणी तरी मोजा. तिच्या थर्मामीटरवर बॅरलमधलं पाणी 11 डिग्री. मग तिनं दोन ग्लास घेतले, एकात बॅरलचं पाणी, एकात बंबातलं, दोन्हीत लाल औषधाचे म्हणजे पोटॅश परमँगनेटचे दोन-दोन खडे सोडले आणि कुणाला ढवळू दिलं नाही. बंबाच्या ग्लासात बघता बघता सगळीकडं जांभळा रंग, आणि गार ग्लासात रंगाची एक शेपटी खाली गेली आणि तळाशीच पसरून राहिली. गरम पाण्यात पाण्याचे कण जोरात पळत असतात, खड्याभोवतीचं विरघळलेलं लवकर लांब जातं आणि तिथं नवीन पाणी येतं, असं तिनं मला समजावलं आणि खरंच पटलं.

पण नुसता वेगाचा प्रश्न नाही बरं का, मावण्याचा पण आहे. 0-0-50 म्हणजे पोटॅशियम सल्फेट, ते एक लिटर पाण्यात 10 डिग्रीला साधारण 93 ग्रॅम विरघळतं, 20 ला 111, 30 ला 130. म्हणजे माझ्या बॅरलमध्ये त्या सकाळी 19 किलोच्या आसपासच मावणार होतं, मी दिवसभर ढवळलं असतं तरी बाकीचं तळालाच राहिलं असतं! त्यात हे खत विरघळताना पाणी अजून गार करतं. 13-0-45 मध्ये, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटमध्ये, तर हे जास्तच जाणवतं, विरघळताना बादलीला हात लावून बघा, गारेगार लागते. घरातलं मीठ मात्र याबाबतीत वेगळं, गरम पाण्यात गारपेक्षा थोडंच जास्त विरघळतं, त्यामुळं एकाच्या अंदाजानं दुसरं टाकायला जाऊ नका.

आता मी काय करतो, बॅरल आदल्या दिवशी भरतच नाही. बोअर चालू केली की थंडीत पाणी कोमटच येतं, ते ताजं पाणी घेतो आणि एका बॅरलला 12 किलोच टाकतो, दोन वेळा करतो. दहा-पंधरा मिनिटांत पाणी नितळ, तळाला काही नाही. एक दिवस लाईट नव्हती तेव्हा बंबातलं दोन बादल्या कढत पाणी बॅरलमध्ये ओतलं, तरी काम झालं. घट्ट द्रावण रात्रभर ठेवू नका, पाणी गार झालं की परत खडे धरतात, आमच्या शेजारच्या बागेत तसं झालंय. आणि कॅल्शियम नायट्रेट याच बॅरलमध्ये अजिबात नको, जिप्समचा साका तयार होऊन ड्रीपर बंद पडतील.

माल चांगला आहे, पांढरा, कोरडा, गुठळी नव्हती. चार स्टार. एक कापला कारण बॅगेवर "पाण्यात पूर्ण विरघळणारे" एवढंच छापलंय, किती पाण्यात आणि किती डिग्रीच्या पाण्यात ते कुठंच नाही, आणि थंडीत खत देणाऱ्या आमच्यासारख्यांना नेमकं तेच पाहिजे असतं. दुकानदाराला दुसऱ्या दिवशी जाऊन सॉरी म्हणालो, त्यांनी हे आकडे कागदावर लिहून घेतले आणि काउंटरवर चिकटवलेत.