लॉ + इंटरनॅशनल रिलेशन्स डबल डिग्री: चार सेमिस्टरनंतरचा अनुभव

बारावीनंतर ऑस्ट्रेलियात लॉ आणि आयआरची (इंटरनॅशनल रिलेशन्स, म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध) कम्बाइन्ड डिग्री करावी का असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी ब्रिस्बेनमधे आहे, युनिव्हर्सिटीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण पुढे थोडं रडगाणं आहे. कोर्स पाच वर्षांचा, त्यातले वीसेक महिने झाले.

आधी माझा गैरसमज सांगते. ब्रोशरवर सगळ्या देशांचे झेंडे बघून मला वाटलेलं की कायदा आणि जागतिक राजकारण एकत्र कालवून शिकवतील. कसलं काय! या दोन वेगळ्या डिग्र्या आहेत, फक्त फीची पावती एक. लॉ स्कूल वेगळं, आयआर डिपार्टमेंट वेगळं, आणि दोघांना एकमेकांचं टाइमटेबल माहीतच नसतं, त्यामुळे दोन मोठ्या असाइनमेंट एकाच शुक्रवारी हे ठरलेलंच. इथे वकील व्हायला 'प्रीस्टली इलेव्हन' म्हणून अकरा विषय सक्तीचे आहेत, क्रिमिनल, टॉर्ट्स (दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा कायदा), कॉन्ट्रॅक्ट, प्रॉपर्टी, इक्विटी, एव्हिडन्स वगैरे, आणि गंमत म्हणजे या अकरात आंतरराष्ट्रीय कायदा नाहीच! तो माझ्याकडे इलेक्टिव्ह आहे. म्हणजे युनोची स्वप्नं बघत आले आणि पहिलं वर्ष जिंजर बिअरच्या बाटलीतल्या गोगलगायीवर गेलं. डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन, 1932, बाटलीत गोगलगाय निघाली म्हणून बाईने थेट उत्पादकावर भरपाईचा दावा लावला ती केस. टॉर्ट्स शिकणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी ती गोगलगाय आहेच.

लिहिण्याचा त्रास वेगळाच. आयआरच्या पहिल्या निबंधावर शेरा आला की यात तुझं स्वतःचं म्हणणं कुठेय, म्हणून मी लॉच्या पेपरात चांगलं झोकात मत ठोकून दिलं, तर तिथे शेरा, मत नको, दिलेल्या फॅक्ट्सना कायदा लावून दाखव. एकीकडे फुटनोट, त्यातही केसचं नाव तिरकं की सरळ यावर मार्क जातात, दुसरीकडे लेखक आणि साल वाक्यातच द्यायचं. पहिले सहा महिने मी दोन्हीकडे चुकीचंच लिहीत होते.

मग कॉन्स्टिट्यूशनल लॉमधे टास्मानियन डॅम केस आली आणि पहिल्यांदा वाटलं की हां, यासाठी घेतली ही डिग्री. टास्मानिया राज्याला गॉर्डन नदीवर धरण बांधायचं होतं, त्यात फ्रँकलिन नदीचा भाग बुडणार होता. केंद्राला ते नको होतं, पण इथल्या घटनेत पर्यावरण हा विषय केंद्राकडे दिलेलाच नाही, मग अडवणार कसं? केंद्राने काय केलं, आम्ही वर्ल्ड हेरिटेजच्या करारात सामील आहोत, तो पाळायचाय, म्हणून हा 'परराष्ट्र व्यवहार' झाला असं म्हणून कायदा केला, आधार घटनेच्या सेक्शन 51 चा 29 वा क्लॉज. 1983 मधे हायकोर्टात, जे इथलं सगळ्यात वरचं कोर्ट आहे, केंद्र 4 विरुद्ध 3 ने जिंकलं आणि धरण थांबलं. परदेशी करारातून घरातल्या केंद्र-राज्य भांडणाचा निकाल! आपल्याकडे घटनेच्या कलम 253 मधे हे सरळ लिहूनच ठेवलंय की करार पाळायला संसद कुठल्याही विषयावर कायदा करू शकते. ट्युटोरियलमधे हे सांगितल्यावर जरा कॉलर ताठ झाली.

दुसरं उदाहरण कुलभूषण जाधव, ज्यांना पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून फाशी सुनावली. सांगलीचे मामा फोनवर अजून विचारतात, "अगं, आपण केस जिंकलो ना, मग सुटला का नाही तो?" भारताचे वकील हरीश साळवेंनी ती एक रुपया फी घेऊन लढली हे त्यांना पाठ आहे. पण आंतरराष्ट्रीय कोर्टाने 17 जुलै 2019 ला 15 विरुद्ध 1 ने एवढंच म्हटलं की परदेशात पकडलेल्याला आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क देणारं व्हिएन्ना करारातलं कलम 36 पाकिस्तानने मोडलं, भारताच्या वकिलातीला भेटू द्या आणि शिक्षेचा नीट फेरविचार करा. सुटकेचा आदेश नव्हताच. कोर्ट तिथे थांबतं ते का हे लॉने शिकवलं, आणि पाकिस्तान पुढे कसं वागेल हे आयआरने. मामांना समजावताना दोन्ही लागतात, तरी पटत नाही ते सोडा.

आता पैशाचं आणि नोकरीचं. आपल्याला फी पूर्ण भरावी लागते, इथल्या मुलांना मिळणारं सरकारी फी लोन आपल्याला नाही. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना पंधरवड्याला 48 तासच काम करता येतं, आणि खरं सांगू का, लॉचं रीडिंग बघता तेवढंही झेपत नाही. इथल्या परराष्ट्र खात्याच्या ग्रॅज्युएट भरतीला नागरिकत्व लागतं, त्यामुळे ते स्वप्न आत्ताच बाजूला ठेवा. आयएफएस (भारतीय परराष्ट्र सेवा) हवं असेल तर यूपीएससीला कुठलीही डिग्री चालते, त्यासाठी एवढा खर्च अजिबात करू नका. इथे वकिली करायची तर डिग्रीनंतर प्रॅक्टिकल ट्रेनिंग आहेच, आणि भारतात परत यायचं तर बार कौन्सिलची परदेशी डिग्रीवाल्यांसाठीची वेगळी परीक्षा. हे ॲडमिशनच्या एजंटने एका शब्दाने सांगितलं नव्हतं, मी दुसऱ्या सेमिस्टरला स्वतः शोधून काढलं आणि दोन दिवस बाबांना फोन करायची हिंमत झाली नाही.

पुढच्या सेमिस्टरला एकदाचं पब्लिक इंटरनॅशनल लॉ घेतलंय. त्याच दिवशी त्याच वेळेला आयआरचं कंपल्सरी लेक्चर आलंय. दोन्हीकडे मेल टाकला, दोघांचंही उत्तर आलं की दुसऱ्या डिपार्टमेंटला विचार.