खेळताना कुठली गाणी, झोपवताना कुठली: दीड ते तीन वर्षांच्या पोरांसाठी

पहिलंच सांगते, खेळायची आणि झोपायची गाणी एकाच प्लेलिस्टमध्ये ठेवू नका. बहुतेक घरांत 'बाळाची गाणी' म्हणून एकच यादी असते आणि दिवसभर तीच चालते, मग रात्री अंगाई संपली की पाठोपाठ ढोलकीवालं काहीतरी सुरू होतं आणि डोळे मिटत आलेलं पोर टक्क उठून बसतं. या वयात गाणं म्हणजे इशारा असतो, हे लागलं की नाचायचं, ते लागलं की दिवा बंद होणार. तो इशारा पक्का बसायला हवा असेल तर सरमिसळ नकोच, म्हणून इथे दोन्हींचे पर्याय वेगवेगळे बघू.

खेळायच्या वेळेला खरी लढत दोघांतच आहे. एकीकडे जुनी मराठी बालगीतं, नुसती ऐकायची, दुसरीकडे मोबाईलवरच्या रंगीबेरंगी राइम्स. मी पूर्णपणे पहिल्याच्या बाजूची आहे आणि ते फक्त मराठीच्या प्रेमापोटी नाही. 'नाच रे मोरा' घ्या, 1953 च्या 'देवबाप्पा'मधलं, गदिमांचे शब्द, पुलंची चाल, आशाताईंचा आवाज. त्या काळी तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची त्यामुळे गाणी आपोआप आटोपशीर झाली, आणि या पोरांचा एका गोष्टीतला दमही साधारण तेवढाच असतो. शब्द एकेक करून कानावर पडतात, वाद्यं त्यांच्या अंगावर येत नाहीत, आणि 'नाच' परत परत येतं. माझी लेक अजून अख्खी ओळ म्हणत नाही, पण तो शब्द यायच्या जरा आधी गुडघे वाकवून, दोन्ही हात मागे पिसाऱ्यासारखे धरून, तोंड उघडं ठेवून तयार राहते आणि शब्द आला की उडी! म्हणजे आता काय येणार हे तिला आधी कळतंय, चाल डोक्यात बसलीये. तेच गाणं स्क्रीनवर लावलं की ती जागची हलत नाही, फक्त बघते.

राइम्सची जमेची बाजू आहेच, ती नाकारत नाही. हाताशी असतात, पोर एका जागी बसतं, कुकर लावेपर्यंतचा वेळ मिळतो. पण त्यांची चित्रं भराभर बदलतात आणि एक संपायच्या आत दुसरी आपोआप सुरू होते, थांबायची जागाच नाही, मग बंद केलं की रडारड. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचना याबाबत अगदी स्पष्ट आहेत, एक वर्षाच्या मुलांना बसून स्क्रीन बघणं नकोच आणि दोन वर्षांच्यांना दिवसात जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर बरंच. तेव्हा राइम आवडत असेल तर खुशाल लावा, फक्त फोन पालथा ठेवा.

आणि एक, खेळताना दिवसभर मागे काहीतरी वाजत ठेवायची सवय नको. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक ते तीन वर्षांची मुलं खेळत असताना मागे मोठ्यांचा टीव्ही कार्यक्रम लावून ठेवला होता. मुलं तिकडे फारसं बघतही नव्हती, तरी त्यांचा खेळ तुटक झाला, एका खेळण्यात रमायचा वेळ घटला. ते टीव्हीचं होतं हे मान्य, पण शब्दांच्या गाण्यालाही मी तोच नियम लावते. दोन-तीन गाणी मनसोक्त नाचून झाली की बंद, मग ठोकळे घेऊन शांत बसली तर बसू दे. मांडीवर घेऊन 'अडगुलं मडगुलं' किंवा स्टीलचा डबा आणि पळी, याला तर काहीच लावावं लागत नाही, ठेका तिथेच शिकून होतो.

झोपेचं प्रकरण जास्त विचार करायचं आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपारची डुलकी धरून 11 ते 14 तास झोप लागते आणि तीन-चार वर्षांच्यांना 10 ते 13, म्हणजे इथली निवड चुकली तर सगळ्या घराचा दिवस बिघडतो.

माझ्या यादीत पहिला नंबर आई-बाबा, आजी-आजोबा जो कोण झोपवतंय त्याच्या स्वतःच्या आवाजाचा. कारण साधं आहे, रेकॉर्डिंगला पोराचे डोळे दिसत नाहीत, तुम्हाला दिसतात. पापण्या जड झाल्या की आपण आपोआप लय कमी करतो, शब्द गाळतो, शेवटी नुसतं 'जो बाळा जो जो रे जो' उरतं, मग नुसती गुणगुण. आमचा सूर लागत नाही म्हणून बरेच बाबा मागे सरतात, त्यांना कळकळीनं सांगते, गा. मॉन्ट्रियलमधल्या संशोधकांनी 2015 साली सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना त्यांना अनोळखी असलेल्या तुर्की भाषेतलं गाणं आणि बोलणं ऐकवलं होतं, बोलण्यावर बाळं साधारण चार मिनिटं शांत राहिली आणि गाण्यावर जवळपास नऊ. ती बाळं लहान होती, तुमचं थोडं मोठं आहे, पण शब्द कळले नाहीत तरी गाणं काम करतं एवढं त्यातून दिसतंच. तोटा एकच पण मोठा, रोज तुम्हीच लागता, घसा बसला किंवा रात्रपाळी असली की अडतं.

मग येतं वाद्यसंगीत आणि इथे जरा निवडून घ्यावं लागतं. बासरी आणि संतूरमध्ये मी बासरीच घेईन, तिचा सूर फुंकरीतून सलग येतो, संतूरचा प्रत्येक सूर कलमाच्या, म्हणजे तारांवर मारायच्या छोट्या लाकडी काडीच्या, आघातानं सुरू होतो, तो बारीक टणत्कार फोनच्या छोट्या स्पीकरवर अजून टोचतो. पण खरी गोम रागाच्या मांडणीत आहे, आलापात सगळं संथ असतं, पुढे तबला येतो, लय चढत जाते आणि शेवटाकडे द्रुत नाहीतर 'झाला' हे वेगवान भाग येतात, म्हणजे पोर झोपेत उतरायला लागतं नेमकं तेव्हाच वादन रंगात येतं. त्यामुळे अख्खी मैफल लावू नका, आलापाचा ट्रॅक वेगळा मिळाला तर तेवढाच रिपीटवर टाका. भूप किंवा दुर्गा बघा, दोन्हीत पाचच सूर आणि सगळे शुद्ध, कानाला सोपे जातात. नाहीतर सरळ तानपुरा ॲप, त्यात चढउतारच नाही. चित्रपटातल्या अंगाया आपल्याला जिवाभावाच्या असतात पण त्या प्रसंगासाठी केलेल्या, दोन कडव्यांच्या मध्ये व्हायोलिनं एकदम उसळतात, त्या तुम्ही गा, वाजवू नका.

व्हाइट नॉइज म्हणजे पावसाचा वगैरे सलग आवाज, ज्यांचं घर रस्त्यावर आहे, हॉर्न आणि गणपतीतले ढोल थेट बेडरूममध्ये येतात, त्यांना हा उपयोगी आहे, तो बाकीचे आवाज झाकतो. पण आवाज किती ते बघाच. कॅनडातल्या डॉक्टरांनी 2014 मध्ये बाळांसाठी विकली जाणारी 14 मशिन्स तपासली, पूर्ण आवाजावर सगळीच्या सगळी 30 सेंटिमीटरवर 50 डेसिबलच्या वर गेली आणि तीन तर 85 च्याही वर. तेव्हा उशीजवळ फोन अजिबात नको, दोन मीटर तरी लांब ठेवा आणि आवाज अर्ध्याच्याही खाली. फोनवरचं डेसिबल ॲप पोराच्या डोक्यापाशी धरलं की अंदाज येतो. पंखा चालू असेल तर बऱ्याच घरांत वेगळं काही लागतही नाही.

मोझार्टनं मूल हुशार होतं म्हणून त्याच्यावर पैसे घालणाऱ्यांसाठी एवढंच, ज्या प्रयोगावरून ही समजूत पसरली तो 1993 चा प्रयोग कॉलेजच्या मुलांवर होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटंच टिकला होता. आवडतं म्हणून लावा की.

काहीही निवडलं तरी एकच चीज निदान महिनाभर बदलू नका, आपल्याला कंटाळा येतो, त्यांना नाही. टायमर 20-30 मिनिटांचा लावा, कारण रात्रभर वाजतच राहिलं तर मध्येच जाग आल्यावरही पोराला तेच लागतं. आयफोनवर टायमर संपल्यावर 'स्टॉप प्लेइंग' निवडता येतं, बाकी फोनवर गाण्याच्या ॲपमध्येच स्लीप टायमर शोधा. फुकटच्या ॲपवरून वाजवू नका, ऐन झोपेत जाहिरात किंचाळते, डाउनलोड करून एरोप्लेन मोडवर टाका.

आणि तुम्ही बंगलोरला किंवा डब्लिनला आणि आजी साताऱ्याला असेल तर तिच्याकडून दोन ओव्या, एक पाळणा मागवून घ्या. त्या रेकॉर्डिंगला मी वाद्यसंगीताच्याही वर ठेवीन. पंखा बंद करायला सांगा, फोन तोंडापासून हातभर लांब धरायला सांगा आणि मध्येच नावानं हाक मारू नका म्हणावं, नाहीतर पोर आजी कुठेय म्हणून उठून दाराकडे बघत बसतं.