‘४८ व्होल्ट’चा ग्राइंडर आणि सोबत फुकट आलेलं ब्लेड

मोबाइलवर ही जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. काळी प्लास्टिकची पेटी, आत बॅटरीवर चालणारा, लोखंड कापायचा-घासायचा चार इंची ग्राइंडर, दोन बॅटऱ्या, चार्जर, पाच-सहा चक्के आणि वर ठळक अक्षरांत ‘आजच ऑर्डर करा, लाकूड कापायचं ब्लेड मोफत’. किंमत ₹२,४९९, पैसे घरी माल आल्यावर. व्हिडिओतला माणूस गार्ड (चक्क्यावरचं संरक्षक झाकण) नसलेल्या मशीनने एका हाताने फळी कापतो आणि दुसऱ्या हाताने फळी धरतो. ते दृश्य नीट बघून ठेवा, पुढे त्याच्यावर यायचंय.

मी बदलापूरला राहतो. घरामागच्या शेडमध्ये फावल्या वेळात लोखंडी स्टँड, झाडांच्या कुंड्यांसाठी मांडण्या असलं काही करत असतो. तिथे प्लग नाही, आतून लांब वायर ओढावी लागते, म्हणून बॅटरीवरचं मशीन हवं होतं. नावाजलेल्या कंपनीचं दोन बॅटऱ्या आणि चार्जरसकट घ्यायचं तर दहा हजारांच्या आसपास किंवा वरच जातं. त्यापुढे अडीच हजारांत ४८ व्होल्ट! मागवलं.

पार्सल आणणारा पोरगा म्हणाला, “काका, आधी पैसे, मग बॉक्स उघडा. उघडून दाखवायची परवानगी नाही आम्हाला.” त्याचा काही दोष नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. पाठवणाऱ्याच्या जागी जाहिरातीतलं नाव नव्हतंच, कुठल्या तरी गोडाऊनचा अर्धवट पत्ता होता. पेटीवर एमआरपी नाही, आयात करणाऱ्याचं नाव नाही, कुठल्या देशात बनलंय ते नाही, महिना-वर्ष नाही. बंद पाकिटातून विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर हे सगळं छापणं २०११च्या वैधमापनाच्या नियमांनी बंधनकारक आहे. बिस्किटाच्या पुड्यावर जे असतं तेवढंही या मशीनवर नव्हतं.

आता त्या ४८चं काय ते बघू. बॅटरीवर ‘४८ व्हीएफ’ असं छापलंय, त्यातला ‘एफ’ इतका बारीक की नजर सरळ व्होल्टवर जाते. पण व्हीएफ हे विजेचं कुठलंच एकक नाही, नुसती सजावट आहे. चार्जर उलटा केला तर त्याच्यावर स्पष्ट लिहिलेलं, आउटपुट २१ व्होल्ट. २१ व्होल्टच्या चार्जरने ४८ व्होल्टची बॅटरी भरत नाही, एवढं कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. आणि गंमत म्हणजे जाहिरातीतल्या चार्जरच्या फोटोतही झूम केल्यावर तो २१चा आकडा दिसतो. ‘८८ व्हीएफ’, ‘१२८ व्हीएफ’ म्हणून विकतात ती ड्रिल आणि छोट्या साखळीच्या करवतीही बहुतेक याच वाणाच्या.

आमच्याकडे ई-सायकलींचे बॅटरी पॅक बांधणारा एक मुलगा आहे. त्याच्याकडे बॅटरी नेली. मल्टिमीटर लावला, वीस पूर्णांक काहीतरी. त्याने स्क्रू काढले आणि हसायलाच लागला. आत दहा सेलची जागा, सेल फक्त पाच. उरलेले खड्डे रिकामे. एक लिथियम सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. पाच ओळीने जोडले की १८, पूर्ण भरल्यावर २१. “काका, खऱ्या ४८ला तेरा सेल लागतात ओळीत. सायकलच्या बॅटरीत बघा, तेराच सापडतील.”

नुसतं व्होल्टेज खोटं असतं तर ‘चला, कमी ताकदीचं मशीन मिळालं’ म्हणून मी सोडून दिलं असतं. पुढचं त्याने दाखवलं ते जास्त वाईट. चांगल्या पॅकमधल्या सर्किटला प्रत्येक सेलवरून एकेक बारीक वायर आलेली असते, त्यामुळे कुठलाही एक सेल ४.२च्या वर गेला की चार्जिंग तुटतं. यात फक्त दोन वायरी, एक अधिक आणि एक उणे. म्हणजे चार्जरला बेरीज कळते, आतलं भांडण कळत नाही. मोजलं तर चार सेल ४.३च्या आसपास आणि एक ३.६वर अडकलेला. बेरीज २१च्या आतच, चार्जर खूश. अशा जास्त भरलेल्या सेलचंच पुढे फुगणं, तापणं, पेट घेणं होतं. जाहिरातीत सांगतात ‘रात्रभर चार्जिंगला लावा’. आमच्याकडे ही पेटी लाकडाच्या भुशाशेजारी ठेवलेली असते.

त्याने सेल सुटे केले, टोकांना चिकटपट्टी लावली आणि त्याच्याकडच्या वाळूच्या डब्यात टाकले. ई-कचरा घेणारे महिन्यातून येतात, त्यांना देतो म्हणाला. असा पॅक घरच्या कचऱ्यात टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबला जाऊन पेटतो.

आता ते फुकटचं ब्लेड. मला विचाराल तर त्या पेटीतली सगळ्यात घातक वस्तू तीच.

चार इंची ग्राइंडरचा चक्का १०० मिलिमीटरचा, मधलं भोक १६चं, गार्डही त्याच मापाचा. सोबत आलेलं दातेरी ब्लेड ११० मिलिमीटरचं, भोक २०चं, आणि ते १६वर आणायला एक ढिली रिंग. ब्लेड गार्डाच्या आत मावतच नाही. बसवायचं तर गार्ड काढावाच लागतो, आणि व्हिडिओतल्या माणसाने नेमकं तेच केलेलं होतं. भेटवस्तूच अशी की ती वापरायला आधी संरक्षण उतरवावं लागतं.

आमच्या आळीतले सुतार हेच ११०चं ब्लेड मार्बल कटरवर लावून प्लाय कापतात, मग ग्राइंडरवर काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. मीही त्यांना विचारलं. वेगाचा प्रश्न नाही, कटरचा वेग ग्राइंडरइतका किंवा जास्तच असतो. फरक मशीनच्या बुडाशी आहे. कटरला खाली सपाट पत्रा असतो, तो फळीवर टेकतो, ब्लेड किती खोल जाईल ते तो ठरवतो आणि ब्लेड वाकडं होऊ देत नाही. ग्राइंडर हवेत धरलेला. दात फळीत जरा तिरका अडकला की मशीनच उसळतं, आणि ते तुमच्याकडे येतं. या मशीनला बाजूची मूठही दिलेली नव्हती आणि बटण एकदा पुढे सरकवलं की तिथेच अडकून बसायचं, हात सुटला तरी मशीन फिरतच राहणार. हिशेब करून बघा: १०० मिलिमीटरचा चक्का मिनिटाला ११,००० फेरे फिरतो तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर असतो.

सोबतच्या कटिंगच्या चक्क्यांचीही तीच कथा. चांगल्या चक्क्यावर जास्तीत जास्त वेग लिहिलेला असतो, १०० मिलिमीटरला साधारण १५,३०० फेरे किंवा ‘८० मीटर प्रति सेकंद’. मधल्या पत्र्याच्या रिंगवर महिना-वर्ष ठोकलेलं असतं, ती वापराची मुदत. आतला डिंकासारखा चिकट माल जुना होऊन, ओल धरून कमकुवत होतो म्हणून ही मुदत साधारण तीन वर्षांची. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात शेडमध्ये पडलेल्या चक्क्यांकडे तर जास्तच बघावं. माझ्या पेटीतल्या चक्क्यांची रिंग कोरी होती. फुटून उडाला तर कुठल्या वेगाला उडाला हे विचारायलाही काही उरलं नसतं.

पैसे परत मिळवण्याचा भाग थोडक्यात. व्हॉट्सॲपवर आधी “सर, व्हिडिओ पाठवा”, मग “रिप्लेसमेंट पाठवतो”, मग काहीच नाही. इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला, तर दुसराच भामटा लागला. अतिशय गोड बोलला. स्क्रीन दिसणारं ॲप टाका म्हणाला, मग आलेली रिक्वेस्ट स्वीकारून यूपीआय पिन टाका, रिफंड लगेच खात्यात. पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही, तो पाठवताना लागतो. फोन ठेवून दिला. अशा कॉलमध्ये कोणाचे पैसे गेलेच तर बँकेच्या आधी किंवा बरोबरच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पळतात.

मालाच्या फसवणुकीसाठी १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार नोंदवून घेतली, नंबर मिळाला, पण समोरच्याचं खरं नाव-पत्ता माझ्याकडे नाही. मोठ्या विक्री-संकेतस्थळावरून घेतलं असतं तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांना विक्रेत्याची माहिती दाखवावी लागते, तक्रार अधिकारी नेमावा लागतो, ४८ तासांत पोच द्यावी लागते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. पण नोटीस कोणाला काढणार? माझे पैसे काही आले नाहीत.

पुढे मुंबईत मशीद बंदरला उतरून नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारातून वायरवालाच ग्राइंडर घेतला. दुकानदाराने मशीन चालवून दाखवलं, बिलावर जीएसटी नंबर आणि मशीनचा सिरियल नंबर लिहिला. गार्ड हाताने ओढून बघितला, मूठ लावून बघितली. शेडच्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घेतला.

जुनं मशीन भंगारवाला बघताक्षणी म्हणाला, “बॅटरी नसली तरी चालेल, तीनशे देतो, तसंच द्या.” म्हणजे ते कुठल्या तरी जुन्या बाजारात पुन्हा विकायला बसलं असतं. गिअर काढून घेतला, बटणाच्या वायरी कापल्या, ब्लेडचे दात हातोडीने झोडले आणि मग किलोच्या भावाने दिलं. जाहिरात अजून चालू आहे, फक्त दुकानाचं नाव बदललंय आणि आता आकडा ‘८८ व्हीएफ’ झालाय.