बंद झाकणाखालचा माल : जॅझसाठी नेक पिकअप घेताना झालेली फसवणूक

इलेक्ट्रिक गिटारचा नेक पिकअप, म्हणजे गिटारच्या मानेजवळ बसणारा आणि तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग, विकताना एक विशिष्ट प्रकारची लबाडी केली जाते, आणि ती माझ्या बाबतीत घडली असल्यामुळे तिची तपशीलवार नोंद येथे करीत आहे. हाताने गुंडाळलेला, अल्निको २ चुंबकाचा, ४२ गेजच्या तारेचा आणि जर्मन सिल्व्हरच्या झाकणाचा हंबकर म्हणून जो पिकअप मला विकण्यात आला, त्याच्या आत सिरॅमिक चुंबक आणि ४२ गेजपेक्षा बारीक तार निघाली, तर झाकण निकेलचा मुलामा दिलेल्या पितळेचे होते. (हंबकर म्हणजे दोन कॉइलांचा, विजेची गुणगुण दाबणारा पिकअप; अल्निको हा चुंबकासाठीचा मिश्रधातू; जर्मन सिल्व्हर हा चांदी नसलेला पांढरट मिश्रधातू; आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी कॉइलची तार बारीक.) विक्रेत्याच्या वर्णनातील पडताळता येण्याजोगी एकच गोष्ट खरी ठरली, ती म्हणजे मल्टिमीटरवर दिसणारा कॉइलच्या विद्युत रोधाचा आकडा, आणि तोच आकडा या फसवणुकीचे मुख्य साधन होता.

जॅझ वाजवणारा नेक पिकअपकडून काय अपेक्षितो हे आधी सांगितले पाहिजे, कारण सगळा व्यवहार त्या अपेक्षेवरच बेतलेला होता. हा पिकअप ब्रिजपासून, म्हणजे गिटारच्या धडावर तारा जेथे टेकतात त्या भागापासून, वाजणाऱ्या तारेच्या साधारण पाव लांबीवर बसतो. तेथे तारेचे कंपन ब्रिजजवळच्या मानाने कितीतरी मोठे असते, त्यामुळे मूळ स्वर आणि त्याच्या लगतचा उपस्वर भरपूर मिळतात आणि वरच्या उपस्वरांचा कर्कशपणा मागे पडतो. गिब्सन या गिटार कंपनीने १९३६ मध्ये ईएस-१५० ही गिटार आणली आणि १९३९ पासून चार्ली ख्रिश्चनने बेनी गुडमनच्या संचात ती वाजवली, तेव्हापासून जॅझ गिटारचा आवाज म्हटला की नेकजवळच्या पिकअपचाच आवाज लोकांच्या कानात असतो. पुढे जिम हॉल ईएस-१७५ वर पी-९० हा एका कॉइलचा पिकअप वाजवत, वेस माँटगोमेरी एल-५ वर हंबकर, तर एड बिकर्ट यांनी टेलिकास्टरसारख्या भरीव गिटारच्या नेकपाशी हंबकर बसवून घेतला होता. या तिघांचे आवाज एकमेकांसारखे मुळीच नाहीत, पण त्यांच्यात एक गुण समान आहे : चार स्वरांची कॉर्ड वाजली की चारही स्वर वेगवेगळे ऐकू येतात. उबदार आवाज आणि दबलेला आवाज या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे माझे ठाम मत आहे. टोनचे बटण खाली आणून उजळ आवाज मऊ करता येतो, परंतु जो पिकअप मुळातच दबलेला आहे त्यातून स्पष्टता बाहेर काढण्याचा कोणताही उपाय बटणांत नाही.

विक्रेत्याला हे सर्व उत्तम ठाऊक होते. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी २२ जून १९५५ रोजी हंबकरच्या पेटंटसाठी केलेला अर्ज, १९५७ पासून गिब्सनच्या गिटारवर आलेले ते पिकअप, त्यांच्या तळपत्रीवरची ‘पेटंट अप्लाइड फॉर’ ही काळी चिठ्ठी, त्या काळी वापरली जाणारी ४२ गेजची साध्या इनॅमलची तार, हे सगळे त्याने मला अचूक सांगितले. त्यात खोटे काही नव्हते. मात्र ती माहिती साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पिकअपची होती, समोर ठेवलेल्या मालाची नव्हे. इतिहास बरोबर सांगणारा माणूस वस्तूविषयीही बरोबरच सांगत असणार, असा समज ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप तयार होतो आणि लबाड विक्रेता नेमक्या त्या समजावर जगतो.

चुंबक कोणते, असे मी लेखी विचारले. उत्तर आले, ‘अल्निको २’. तार कोणती, तर ‘४२ गेज, साधे इनॅमल’. पुरावा म्हणून मल्टिमीटरचे छायाचित्र आले, त्यावर ७.५ किलोओहम असा आकडा होता. शिवाय एक ध्वनिमुद्रण पाठवण्यात आले, ज्यात कोणी तरी अंगठ्याने, संथ लयीत एक बॅलड वाजवीत होते आणि आवाज फार सुंदर होता. गिटार कोणती, तारा कोणत्या, टोनचे बटण कुठे होते, याचा उल्लेख त्यात नव्हता. पूर्ण पोकळ गिटार, फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने वेढलेल्या, गुळगुळीत) तारा आणि अंगठ्याचे मांस एवढी सामग्री असली की सुमार पिकअपसुद्धा जॅझसारखा वाटू लागतो, म्हणून अशा ध्वनिमुद्रणाला मी आता पुरावा मानत नाही. आणि व्यवहाराच्या अटींत शेवटी एक ओळ होती : झाकणाचा डाख तोडलेला असल्यास माल परत घेतला जाणार नाही.

त्या ओळीत सगळे पाणी मुरत होते. धातूचे झाकण असलेल्या हंबकरच्या झाकणाला तळपत्रीशी दोन बाजूंना डाखाचे ठिपके देऊन जोडलेले असते. चुंबक, तार, मेण, फटीत बसवलेली पट्टी, सगळे त्या झाकणाखाली. डाख तोडल्याशिवाय यातले काहीच डोळ्यांना दिसत नाही आणि डाख तोडला की परत करण्याचा हक्क जातो. खऱ्या कारागिरांचीही अशी अट असू शकते, कारण झाकण काढताना अडाणी हाताने कॉइलची तार तुटते आणि मग दोष कारागिरावर येतो. म्हणून अट दिसली की विक्रेता लबाड, असे मी म्हणणार नाही. परंतु लबाडाला याहून सोयीची अट दुसरी नाही.

पिकअप माझ्या अर्धपोकळ गिटारवर बसवला, ५०० किलोओहमची बटणे आणि फ्लॅटवाउंड तारा आधीच्याच ठेवल्या. पहिल्या दोन तारांवरचे एकेरी स्वर पातळ आणि कडक येत होते, जणू बोट तारेवर टेकण्याआधीच आवाज फुटत होता. टोनचे बटण खाली आणले की कडकपणा जाई, पण त्याबरोबर स्वरांची कडही जाई आणि मागे उरे तो घोंगडीखालून आल्यासारखा आवाज. पाचव्या तारेपासून वर चार स्वरांची मायनर सेव्हन्थ कॉर्ड घेतली असता मधले दोन स्वर एकमेकांत मिसळून एकच जाड, अस्पष्ट स्वर ऐकू येत होता. पिकअपची उंची कमी केली, स्क्रू खालीवर केले, तिसऱ्या तारेखालचा स्क्रू पूर्ण आत घेतला, पण पातळही आणि दबलेलाही, हे विचित्र मिश्रण काही सुटेना. या दोन तक्रारी एकाच पिकअपमध्ये सहसा एकत्र येत नाहीत, कारण जास्त वेढ्यांचा पिकअप दबलेला वाजतो आणि कमी वेढ्यांचा उजळ. दोन्ही एकत्र आल्याने मला प्रथमच वर्णनाविषयी शंका आली.

गिटारचे विद्युत काम करणाऱ्या एका जाणत्या कारागिरांकडे पिकअप नेला. त्यांनी झाकण उघडण्यापूर्वी इंडक्टन्स मोजला, म्हणजे बदलत्या प्रवाहाला कॉइल किती विरोध करते याचे माप, जे वेढ्यांबरोबर वाढते. ४२ गेजच्या तारेचा, साडेसात किलोओहमचा या घडणीचा हंबकर साधारण चार हेन्रीच्या आसपास असतो. आमचा तीनच्याही खाली भरला. ‘रोध बरोबर आहे, पण वेढे कमी आहेत,’ एवढेच ते म्हणाले आणि उघडायचे का, असे त्यांनी मला विचारले. त्यांनी बारीक पात्याने डाखाचे दोन्ही ठिपके कापले तेव्हा कापलेल्या जागी मुलामा निघून आतला पिवळा धातू दिसला. जर्मन सिल्व्हर आतूनही पांढरट-राखाडीच असते, पिवळे असते ते पितळ. झाकणात ओतलेले मेण गरम करून सोडवल्यावर कॉइल बाहेर आले. दोन कॉइलांच्या मध्ये, खालच्या अंगाला, काळसर, गुळगुळीत, मातीच्या भाजलेल्या वस्तूसारखी पट्टी होती. त्यांनी मल्टिमीटरची दोन टोके त्या पट्टीवर टेकवली, आकडा हललाच नाही. अल्निको हा अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू आहे, तो वीज वाहून नेतो आणि मीटरवर जवळजवळ शून्य रोध दिसतो. सिरॅमिक चुंबक वीज वाहत नाही. ही चाचणी काही सेकंदांची आहे आणि तिच्यावर वाद घालता येत नाही.

मग तारेचे टोक मायक्रोमीटरमध्ये धरले गेले. उघड्या तांब्याची ४२ गेजची तार सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाड असते आणि ४३ गेजची सुमारे ०.०५६. इनॅमल काढून मोजलेली आमची तार ४३ गेजची होती. येथे आकड्याची चलाखी उघड होते. ४३ गेजच्या तारेचा रोध तेवढ्याच लांबीच्या ४२ गेजच्या तारेपेक्षा सुमारे सव्वापट असतो, म्हणून कमी तार आणि कमी वेढे वापरूनही मीटरवर साडेसात किलोओहम दाखवता येतात. गुंडाळण्याचा वेळ वाचतो, तांबे वाचते आणि आकडा जुन्या नामांकित पिकअपसारखा दिसतो. रोध म्हणजे तारेची लांबी, जाडी आणि तिचे तापमान यांचा हिशेब आहे, आवाजाचा नव्हे, कारण आवाज ठरतो तो वेढे, इंडक्टन्स, चुंबक आणि आजूबाजूचा धातू यांवरून. कमी वेढे आणि जोरदार सिरॅमिक चुंबक यांमुळे आमचा पिकअप पातळ आणि कडक झाला होता. तो कडकपणा झाकण्याचे काम पितळी झाकण करीत होते. पितळ जर्मन सिल्व्हरपेक्षा बरेच अधिक विद्युतवाहक आहे, त्यामुळे त्यात उमटणारे प्रवाह वरच्या स्वरांची ऊर्जा खाऊन टाकतात. याला जॅझचा उबदारपणा म्हणून विकणे मला अत्यंत निंद्य वाटते, कारण हा आवाज शोधणारे बहुतेक जण वर्षानुवर्षे कान घासून तो शोधत असतात आणि अशा पिकअपमुळे ते आपल्याच हातांना दोष देत बसतात.

उघडलेल्या पिकअपची छायाचित्रे, इंडक्टन्सचा आकडा आणि चुंबकाची चाचणी विक्रेत्याला कळवली. आधी त्याने हात वर केले : डाख तोडला आहे, विषय संपला. नंतर, आतला चुंबक मीच बदलला असणार, असा उलट आरोप केला. मी पुन्हा लिहिल्यावर स्वर एकदम बदलला आणि त्याने नुकसानभरपाईच्या नावाखाली दुसरा सौदा पुढे केला. त्याच्याकडे म्हणे १९६० च्या दशकातला मूळ गिब्सन हंबकर होता, तो वरचे पैसे घेऊन मला द्यायला तो तयार होता. तळपत्रीवरच्या चिठ्ठीचे स्पष्ट छायाचित्रही त्याने पाठवले. त्या चिठ्ठीवर पेटंट क्रमांक होता २,८९६,४९१.

हा क्रमांक हंबकरच्या पेटंटचा खरा क्रमांक आहे, ते पेटंट २८ जुलै १९५९ रोजी मंजूर झाले. अडचण अशी की गिब्सनने त्या काळच्या पिकअपवर तो छापलाच नाही. १९६२ च्या सुमारास ‘पेटंट अप्लाइड फॉर’ ची चिठ्ठी जाऊन क्रमांकाची चिठ्ठी आली तेव्हा तिच्यावर २,७३७,८४२ हा क्रमांक होता, आणि तो लेस पॉल यांच्या टेलपीसच्या, म्हणजे तारा अडकवण्याच्या भागाच्या, पेटंटचा आहे. जुन्या पिकअपांची पारख करणाऱ्यांना ही विसंगती चांगली माहीत असते. चिठ्ठी बनवणाऱ्याने पुस्तकी दृष्ट्या बरोबर असलेला क्रमांक छापला आणि त्यामुळेच ती बनावट असल्याचे सिद्ध झाले. मी तसे कळवल्यावर पत्रव्यवहार तिकडून बंद झाला. पैसे आजपर्यंत परत मिळालेले नाहीत.

झाकण न उघडता काय तपासता येते, हे आता सांगतो. सर्वांत उपयोगी चाचणी इंडक्टन्सची, १०० किंवा १२० हर्ट्झवर मोजलेली, आणि तिचा आकडा रोधाच्या आकड्याशेजारी ठेवून पाहिलेला. रोध योग्य आणि इंडक्टन्स फारच कमी असेल तर तार बारीक असल्याचा दाट संशय घ्यावा. इंडक्टन्स मोजणारे मीटर साध्या मल्टिमीटरपेक्षा दुर्मीळ असते, पण विद्युत दुरुस्ती करणाऱ्यांकडे ते बहुधा सापडते. पिकअप अँप्लिफायरला जोडून दोन्ही ओळींतील खांबांना, म्हणजे गिटारच्या तारांखालच्या लोखंडी स्क्रू-खिळ्यांना, लोखंडी स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवावा : एका ओळीला ठोका ऐकू आला आणि दुसरीला नाही, तर एक कॉइल बंद आहे. होकायंत्र जवळ नेले असता दोन ओळींशी त्याची सुई विरुद्ध टोकांनी ओढली गेली पाहिजे. चुंबकाचा प्रकार मात्र बाहेरून खात्रीने ओळखता येत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. खांबांना लोखंडी वस्तू फार जोरात चिकटली तर संशय घ्यायला जागा आहे, एवढेच.

म्हणून अल्निकोसाठी पैसे मोजायचे असतील तर झाकण न जोडता, सुटे पाठवण्याची मागणी पैसे देण्यापूर्वी करावी. प्रामाणिक कारागिराला डाखाचे दोन ठिपके न देण्यात कष्ट काहीच नसतात, आणि मी नंतर ज्यांच्याकडून पिकअप घेतला त्यांनी ते विनातक्रार केले. चुंबक, तारेचा गेज, प्रत्येक कॉइलचे वेढे आणि झाकणाचा धातू, ही चार उत्तरे लेखी घ्यावीत आणि त्यांतले एकही खोटे निघाल्यास डाख तुटलेला असला तरी माल परत घेतला जाईल, हे वाक्य विक्रेत्याकडूनच लिहून घ्यावे. ते लिहून देण्यास जो टाळाटाळ करील त्याच्याशी व्यवहार पुढे नेऊ नये.

ज्यांच्याकडे असा पिकअप आधीच येऊन पडला आहे त्यांनी तो रागाच्या भरात फेकून देऊ नये किंवा चुंबक बदलून वापरात आणू नये. कापलेले झाकण, चुंबक आणि तारेचा तुकडा आहे तसा जपून ठेवावा, उघडताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र दुसऱ्या माणसाच्या उपस्थितीत घ्यावे आणि जेथून माल घेतला तेथे तक्रार लेखी नोंदवावी. आवाज आवडला नाही, अशी तक्रार ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून बाजूला सारली जाते. वीज न वाहणाऱ्या ‘अल्निको’ चुंबकाच्या छायाचित्राला ते उत्तर देता येत नाही.