जानेवारीचा भुसभुशीत बर्फ की मार्चअखेरचा दाणेदार? पहिल्यांदा स्की शिकायला जाणाऱ्यांसाठी

आमच्या ग्रुपमधल्या तिघींनी महिन्याभरात एकच प्रश्न विचारला, स्की शिकायला जायचंय तर जानेवारीत जाऊ का मार्चमध्ये, आणि काश्मीरमधलं गुलमर्ग का उत्तराखंडातलं औली, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, प्रत्येकीला फोनवर अर्धा अर्धा तास सांगून घसा दुखायला लागलाय. मी गुलमर्गला दोनदा गेले, एकदा ऐन जानेवारीत आणि नंतर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. औलीला एकदाच, फेब्रुवारीत. स्की अजून बेताचीच येते, पण पडायचा अनुभव दांडगा आहे.

उत्तर आधीच सांगते. वय पस्तिशीच्या पुढं, पहिल्यांदाच शिकणार आणि हातात पाच-सहा दिवस, तर मार्चचा दुसरा पंधरवडा आणि गुलमर्ग. ज्यांना फोटोत झाडं बर्फानं वाकलेली पाहिजेत त्यांनी जानेवारीत जावं, त्यात वाईट काहीच नाही, फक्त शिकणं कमी आणि कुडकुडणं जास्त होतंय एवढं लक्षात ठेवा.

आता हा मार्चचा बर्फ म्हणजे काय ते सांगते कारण सगळा निर्णय त्याच्यावरच आहे. त्याला कॉर्न स्नो म्हणतात, मक्याच्या दाण्यासारखा म्हणून, पण आपल्या कोल्हापुरात मक्यापेक्षा साखरेवरनं पटकन कळंल. जानेवारीचा ताजा बर्फ म्हणजे पिठीसाखर, फुंकर मारली तरी उडतो. मार्चमध्ये दिवसा ऊन कडक असतंय, वरचा थर वितळतो, रात्री परत गोठतो, दुसऱ्या दिवशी परत वितळतो, असं चार-सहा दिवस झालं की बारीक कण विरघळून जातात आणि मोठे कण त्यांच्या जिवावर आणखी मोठे होत जातात. माझे काका साखर कारखान्यात पॅनमन होते, म्हणजे रस शिजवून साखरेचा दाणा पाडणारे, ते सांगायचे की पॅनमध्ये दाणा चांगला पाडायचा तर बारीक चुरा विरघळवून टाकावा लागतो, मला तर तेच आठवलं. तयार झालेला दाणा आपल्या एल-३० म्हणजे जाड दाण्याच्या साखरेपेक्षाही मोठा, गोल गोल. मी हातमोज्यात मूठभर घेतला तर त्याचा गोळाच होईना, साबुदाण्यासारखा बोटांमधून घरंगळून गेला. जानेवारीत ज्या बर्फाला हात लावला की मोज्याला पांढरी पावडर लागायची तोच हा बर्फ यावर विश्वास बसत नाही.

शिकणाऱ्याला याचा फायदा काय? पायातल्या स्कीच्या पट्ट्या वळवताना बर्फ आपल्यावर दया करतो. कडा जरा चुकीची लागली तरी दाणे बाजूला सरकतात आणि वळण पूर्ण होतंय. आमचे हे कॉलेजला असताना तालमीत जायचे, त्यांचं म्हणणं असं की सकाळचा गोठलेला बर्फ म्हणजे फरशी आणि साडेदहाचा बर्फ म्हणजे ताक, तेल, हळद घालून उकरलेली आखाड्यातली माती, पडलं तरी बरगडी शाबूत. (बैठका मारल्या असतील तर स्कीला लई उपयोग होतो बरं का, गुडघे वाकवून उभं राहणं हेच निम्मं काम आहे.)

पण या दाणेदार बर्फाला वेळ पाळावी लागते आणि इथंच लोक फसतात. सकाळी आठ वाजता उत्साहानं गेलात तर बर्फ ठणठणीत, पट्ट्या खडखड वाजतात, ब्रेकसाठी पुढची टोकं जवळ आणून पिझ्झा केला तरी थांबायला होत नाही. साधारण दहाच्या सुमाराला वरचे दोन-तीन सेंटीमीटर मऊ होतात आणि खाली घट्ट तळ राहतो, हाच तो सुखाचा काळ, दोन-अडीच तासांचा. पूर्वेकडच्या उताराला ऊन आधी लागतं म्हणून तो आधी तयार होतो आणि आधी बिघडतोही, मग पश्चिमेच्या अंगाला सरकायचं. बुटाची टाच दाबून बघायची, खूणच उमटली नाही तर चहा प्यायला जा, थोडी रुतली तर सुटा, घोट्यापर्यंत गेली तर दिवस संपला. दुपारी एकनंतर त्याचं काय होतंय ते रंकाळ्यावर बर्फाचा गोळा घेऊन गप्पा मारत बसलेल्यांना माहीत आहे, खाली नुसतं रंगीत पाणी आणि वर लिबलिबीत चुरा. मी "अजून एकच फेरी" म्हणून पावणेदोनला गेले, डावी पट्टी त्या चिखलात रुतली, अंग पुढं गेलं, पट्टी सुटली नाही आणि गुडघा असा पिरगळला की पुढचे दोन दिवस हॉटेलच्या खिडकीतनं बाकीच्यांना बघत बसले. पट्टी सुटली नाही कारण भाड्यानं देणाऱ्यानं बाइंडिंग, म्हणजे बूट पट्टीला धरून ठेवणारी आणि पडलं की सोडणारी पकड, माझ्या वजनाप्रमाणं लावलंच नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. तुम्ही विचारा, वजन सांगा, समोर उभं राहून लावून घ्या.

म्हणजे हिशेब असा, मार्चमध्ये रोज अर्धाच दिवस मिळतो पण तो अर्धा दिवस सोन्याचा. जानेवारीत कागदावर पूर्ण दिवस असतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस काश्मीरमध्ये चिल्लई कलान, सगळ्यात कडाक्याची थंडी, गुलमर्गला रात्री पारा शून्याच्या खाली बराच उतरतो. आमच्या त्या पाच दिवसांतले दोन दिवस असा बर्फ पडत होता की समोरचा शिकवणारासुद्धा दिसेना, एक दिवस वाऱ्यानं गोंडोलाचा, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचा, वरचा टप्पा बंद, पायथ्याच्या टंगमर्ग गावापासून वर यायला चाकांना साखळ्या लावलेली गाडी करावी लागली, आणि परतताना श्रीनगरचं विमान धुक्यात अडकलं. बोटं इतकी बधिर व्हायची की बुटाचं बक्कल लावायला दुसऱ्याला सांगावं लागायचं. आपण पन्हाळ्यावर पावसाळ्यात स्वेटर घालणारी माणसं, उगाच आव आणू नये. पण ज्याला स्की चांगली येते त्याच्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीसारखं सुख नाही, परदेशातनं लोक गुलमर्गला येतात ते त्या पिठीसाखरेसाठीच.

मार्चची दुसरी बाजूही सांगते. दाणेदार बर्फ मिळेलच याची गॅरंटी नाही. रात्र निरभ्र पाहिजे, कारण उघड्या आभाळाखाली बर्फ आपली उष्णता सोडून देतो आणि घट्ट गोठतो, ढग असले की पांघरूण घातल्यासारखं होतंय आणि सकाळी आठलाच सगळा लगदा. काश्मीरमध्ये मार्च-एप्रिल तसे पावसाचेच महिने, त्यामुळं सहा दिवसांतले दोन वाया जातील असं धरूनच जा. आणि हिमस्खलन फक्त थंडीत होतंय असं समजू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गला आखलेल्या उताराबाहेर एका रशियन स्कीअरचा जीव गेला तो थंडीतल्या बर्फात, पण वसंतात दुपारी पाणी मुरलेला जड बर्फही घसरतो. शिकणाऱ्यानं गुलमर्गच्या अफरवत डोंगराच्या वरच्या उतारांवर पट्ट्या घालून जायचंच नाही, महिना कुठलाही असो.

गुलमर्ग का औली, हे मार्चपुरतं विचाराल तर मला वाटतं यात फारसं विचार करण्यासारखं नाही. औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटरमध्ये. गुलमर्गचं मैदान २,६५० च्या आसपास, गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला ३,०५० च्या जवळ सोडतो आणि दुसरा ३,९०० च्या वर. म्हणजे औली जिथं संपतं तिथनं गुलमर्गचा वरचा निम्मा डोंगर सुरू होतो, शिवाय औली बरंच दक्षिणेला, त्यामुळं मार्चच्या मध्यानंतर तिथं गवत दिसायला लागतंय. गुलमर्गलाही मार्चअखेर खालच्या मैदानात चिखलाचे पट्टे दिसतात, मग शिकवणारे कोंगडोरीला घेऊन जातात, तिकिटाचा खर्च वाढतो पण बर्फ मिळतो. (गोंडोलाचं तिकीट ऑनलाइनच काढा आणि आधी काढा.)

तरी औलीची बाजू घेते थोडी. जानेवारी-फेब्रुवारीत, बर्फ चांगला पडलेल्या वर्षी, नवशिक्यासाठी तिथला लांब आणि एकसारखा उतार मला गुलमर्गपेक्षा जास्त आवडला, समोर नंदादेवी, गर्दी कमी, आणि गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात ते शिस्तीत शिकवतात. पण जोशीमठहून वर जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यामुळं बंद केला, आम्ही गाडीनंच वर गेलो. आणि ऋषिकेशपासून जवळजवळ अडीचशे किलोमीटर घाटरस्ता आहे, गगनबावड्याच्या घाटात ज्यांना पिशवी लागते त्यांनी विचार करावा.

कोल्हापूरहून श्रीनगरला पुणे किंवा मुंबई गाठून विमान हाच सरळ रस्ता. वेळ असेल आणि झुक झुक आवडत असेल तर जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झालीय, चिनाबच्या पुलावरनं जाते. आपलं इकडचं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, घरात एकाचं तरी पोस्टपेड असू द्या. मार्चमध्ये कपडे कमी लागतात, जाड जॅकेटपेक्षा पाणी आत न येणारी पँट महत्त्वाची कारण दुपारी बसाल तिथं ओलं व्हाल. आणि सनस्क्रीन नाकाच्या खाली, हनुवटीच्या खाली पण लावा, ऊन बर्फावरनं उलटं वर येतं. मी नुसतं कपाळाला-गालाला लावलं होतं, घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, नाकाखाली काय भाजून घेतलंस गं?

अडचण एकच, ३१ मार्च. बँकवाले, सीएवाले आणि शिरोलीचे कारखानदार या पंधरवड्यात हलू शकत नाहीत, त्यांनी मार्चच्या दहा-बारा तारखेचं बघावं, दाणा तेवढा तयार नसेल पण थंडी मोडलेली असते. पोरांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात म्हणून काही जण विचारतात, मे महिन्यात चालंल का? मे महिन्यात वरच्या टप्प्याला उरलेल्या काळपट बर्फावर घसरगाडीत बसवून ओढतात आणि रेनकोट-गमबूट भाड्यानं देतात. त्याला स्की म्हणत नाहीत. मेमध्ये पोरांना घेऊन काश्मीर बघायला खुशाल जा, पट्ट्यांचा विषयच काढू नका.