यामाहा पॅसिफिका ०१२ : एक हंबकर बदलला, दोन पुश-पुल टाकले आणि ऑर्केस्ट्राचं काम भागलं

ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्याला एका संध्याकाळी काय काय वाजवायला लागतं हे समोर बसलेल्यांना कळत नाही. सुरुवातीला गणपतीचं गाणं, मग सत्तरच्या दशकातली हिंदी ज्यात स्वच्छ टकटकीत कॉर्ड कट लागतात, मध्येच कोळीगीत, एखादी लावणी, आणि शेवटी पोरं पुढे आली की डिस्टॉर्शन लावून रॉक. स्टेजवर दुसरी गिटार ठेवायला जागा नसते आणि बदलायला वेळ तर नसतोच, निवेदकाने पुढच्या गाण्याचं नाव सांगून पण झालेलं असतं. म्हणून एकाच गिटारीतून सगळं निघायला पाहिजे, आणि ती गिटार टेम्पोत आपटली तरी झोप उडणार नाही इतपतच महाग पाहिजे. माझ्यासाठी ती पॅसिफिका ०१२ आहे, पण कंपनीतून येते तशी नाही, आत थोडं काम करून. हा रिव्ह्यू त्या काम केलेल्या गिटारचा.

आधी मूळ गिटारबद्दल. पॅसिफिका ही सिरीज १९९० मध्ये आली, यामाहाच्या कॅलिफोर्नियातल्या टीमने बनवलेलं डिझाईन. ०१२ हे तिच्यातलं स्वस्त मॉडेल, अगाथिसची बॉडी, मेपलची बोल्ट-ऑन नेक, २२ फ्रेट, २५.५ इंच स्केल, व्हिंटेज टाईप ट्रेमोलो (दांडीने सूर हलवायचा ब्रिज) आणि एचएसएस पिकअप. पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारी चुंबकाची कॉइल, आणि एचएसएस म्हणजे ब्रिजला हंबकर (दोन कॉइलचा, भणभण कापणारा पिकअप) आणि मधे नि नेकला सिंगल कॉइल. एक व्हॉल्यूम, एक टोन, पाच पोझिशनचा स्विच. नेक खरंच चांगली आहे, ह्या किमतीत इतकी सरळ आणि हाताला बसणारी नेक मिळते म्हणूनच हिच्यावर खर्च करावासा वाटतो. नेक वाकडी असलेल्या गिटारवर पिकअपचे पैसे घालू नका, कितीही स्वस्तात मिळाली तरी.

मूळ आवाज? सिंगल कॉइल सिरॅमिक मॅग्नेटचे आहेत, चमक थोडी कमी पण वापरण्यासारखे. हंबकर मात्र मला पटला नाही, गेन वाढवला की चिखल होतो आणि क्लीनला बोथट. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ब्रिजचा एकच आवाज, त्यात बदल करायची सोयच नाही. ११२व्ही ह्या वरच्या मॉडेलला टोनचा नॉब ओढला की हंबकरची एक कॉइल बंद होते, कॉइल स्प्लिट, ती सोय ०१२ ला दिलेली नाही.

आता बदल काय केले ते सांगतो. ब्रिजला सेमूर डंकन कंपनीचा जेबी हा हंबकर टाकला, त्यातला ट्रेमबकर, म्हणजे रुंद मापाचा, कारण स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) टाईप ब्रिजवर तारांमधलं अंतर जरा जास्त असतं आणि साधा हंबकर घेतला तर कडेच्या तारा पोलच्या (पिकअपवरच्या लोखंडी खुंट्यांच्या) बाहेर पडतात. जेबीच का, तर त्याचा डीसी रेझिस्टन्स साधारण १६ के (किलोओहम) आहे, आणि हंबकरच्या दोन कॉइल नेहमीसारख्या एकामागे एक (सिरीज) न जोडता शेजारी शेजारी (पॅरलल) जोडल्या की रेझिस्टन्स चौथाई होतो, म्हणजे ४ के उरतो. ८ के चा व्हिंटेज हंबकर घेतला असता तर पॅरललला २ के वर आला असता आणि बँडमध्ये ऐकूच आला नसता. लोक पिकअप निवडताना फक्त डिस्टॉर्शनचा आवाज बघतात, पण ज्याला एका पिकअपमधून दोन-तीन आवाज काढायचेत त्याने पॅरललसारख्या कमी आवाजाच्या मोडला काय उरतं ते आधी बघावं.

आणि हो, मी स्प्लिट नाही केला, सिरीज-पॅरलल केला. ह्यावर गिटारवाल्यांमध्ये कायम वाद होतात पण माझं मत पक्कं आहे, स्टेजवर वाजवणाऱ्याने पॅरललच करावं. स्प्लिटमध्ये एक कॉइल बंद होते, मग तो सिंगल कॉइल झाला, मग ५० हर्ट्झची भणभण आलीच, आणि मंडपात लायटिंगचे डिमर, जनरेटर, एलईडीच्या माळा असतात तिथे ती भणभण गाण्यापेक्षा मोठी होते. पॅरललमध्ये दोन्ही कॉइल चालू राहतात म्हणून हम कटतो आणि तरी आवाज पातळ, चकचकीत, जवळजवळ सिंगलसारखा होतो. घरी छोट्या ॲम्पवर स्प्लिट जास्त गोड वाटेल हे मान्य, पण मंडपात शांतता महत्त्वाची.

जोडणी अवघड नाही. डंकनच्या चार रंगीत तारा असतात आणि एक उघडी. काळी हॉट (आवाज पुढे नेणारी), हिरवी आणि उघडी ग्राउंडला. पांढरी आणि लाल ह्या दोन तारा पुश-पुलच्या, म्हणजे ओढला-दाबला की आतला स्विच बदलतो अशा नॉबच्या, मधल्या दोन पायांवर. एका बाजूचे दोन पाय एकमेकांना जोडायचे, ती झाली सिरीज. दुसऱ्या बाजूला पांढरीच्या शेजारच्या पायाला ग्राउंड आणि लालच्या शेजारच्या पायाला हॉट, ती झाली पॅरलल. बस एवढंच. दुसऱ्या कंपनीचा पिकअप असेल तर रंग वेगळे, डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी ग्राउंड आणि काळी-पांढरी मधली जोडी, त्यामुळे डंकनचं चित्र बघून डिमार्झिओ जोडू नका.

सोल्डर करायच्या आधी फेज, म्हणजे दोन पिकअप एकाच दिशेने चालतात का ते, तपासा. मल्टीमीटर रेझिस्टन्सवर ठेवून पिकअपच्या दोन टोकांना लावायचा आणि स्क्रूड्रायव्हर पोलवर टेकवून झटकन उचलायचा, आकडा क्षणभर वर जातो का खाली ते बघायचं. मधल्या सिंगलचं आणि हंबकरचं एकाच दिशेने गेलं पाहिजे. उलट असेल तर डंकनची काळी ग्राउंडला नि हिरवी हॉटला, आणि पॅरललच्या बाजूचे दोन पाय पण उलटे, पांढरीच्या शेजारी हॉट नि लालच्या शेजारी ग्राउंड, उघडी तार मात्र कायम ग्राउंडलाच. हे केलं नाही तर दुसऱ्या पोझिशनला (ब्रिज अधिक मधला) आवाज नाकातून आल्यासारखा येतो आणि माणूस पिकअपला शिव्या देत बसतो.

दुसरा पुश-पुल टोनच्या जागी, तो ओढला की स्विच कुठेही असला तरी नेक पिकअप जोडला जातो. ह्याने ब्रिज आणि नेक एकत्र मिळतात जे पाच पोझिशनच्या स्विचमध्ये कधीच मिळत नाहीत, आणि तिन्ही एकत्र पण. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरच्या काळ्या स्ट्रॅटमध्ये छोटा स्विच होता तो ह्याच कामासाठी. हिशोब केला तर ब्रिज ज्यात येतो असे आवाज आठ झाले आणि बाकीचे तीन, म्हणजे एकूण ११. त्यातले मी रोज वापरतो ते पाच-सहा. सगळ्यात आवडता म्हणजे ब्रिज पॅरलल अधिक नेक, टेलिकास्टरच्या मधल्या पोझिशनच्या जवळ जातो, रिदमला इतका छान बसतो की कीबोर्डवाल्याची जागा न खाता ऐकू येतो. लावणीला ढोलकीच्या मधे मधे जे छोटे कट मारायचे असतात तिथे तर हाच लागतो.

पॉटबद्दल, म्हणजे नॉबच्या खाली असतो त्या फिरत्या रेझिस्टरबद्दल, लोक कमी बोलतात, माझ्या मते अर्धा फरक तिथेच पडला. सिंगल कॉइलला २५०के आणि हंबकरला ५००के हा जुना नियम, एचएसएसमध्ये दोन्ही एकाच व्हॉल्यूमवर येतात त्यामुळे कोणीतरी उपाशी राहतो. मी दोन्ही पॉट ५००के टाकली आणि मधल्या नि नेकच्या पिकअपला स्विचच्या पायावरून ग्राउंडला एकेक ४७०के रेझिस्टर लावला. त्यामुळे सिंगलला साधारण २४०के दिसतं आणि हंबकरला पूर्ण ५००. चौथ्या पोझिशनला (मधला अधिक नेक) दोन्ही रेझिस्टर लागू होतात तर तिथे आवाज किंचित मऊ होतो, मला तो आवडला, ज्याला नको त्याने नेकचा काढून टाकावा. जेबीचा वरचा मिड ५००के वर काहींना टोचतो, तो टोनने एक-दोन अंक कमी केला की बसतो. व्हॉल्यूम कमी केल्यावर ट्रेबल जाऊ नये म्हणून १३०के रेझिस्टर आणि १.२ नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर सिरीजमध्ये व्हॉल्यूमवर टाकला, आता गायक अंतऱ्यात आला की नुसता व्हॉल्यूम खाली घेतो, पेडलला पाय लावायला लागत नाही.

सामान कुठून, तर रेझिस्टर, कपॅसिटर, सोल्डर, श्रिंक ट्यूब हे सगळं पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला चिल्लर पैशात मिळतं. पुश-पुल पॉट आणि पिकअप ऑनलाईन मागवले. पॉट घेताना अक्षर बघा, ए५००के म्हणजे ऑडिओ, बी५००के म्हणजे लिनिअर, व्हॉल्यूमला ए घ्या. इंच मापाचं पॉट आणलंत तर पिकगार्डचं भोक रीमरने मोठं करायला लागेल आणि जुने नॉब पण बसणार नाहीत. पुश-पुलची उंची जास्त असते, आधी आतली खोली पट्टीने मोजा मगच ऑर्डर करा. उघडलंच आहे तर कॉपर टेपने आतून शिल्डिंग करून घ्या आणि ती टेप ग्राउंडला जोडा, सिंगलचा हम पूर्ण जात नाही, तो वेगळा प्रकार आहे, पण लायटिंगची चिरचिर बरीच कमी होते.

खर्चाचं खरं सांगायचं तर एकटा जेबीच गिटारच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त पडला, बाकी सगळं मिळून त्यामानाने किरकोळ. बजेट नसेल तर जुना हंबकर राहू द्या आणि फक्त पॉट, रेझिस्टर, नेकचा पुश-पुल आणि शिल्डिंग करा, सिरीज-पॅरललसाठी मात्र चार तारांचा पिकअपच लागतो, जुन्याला एक हॉट आणि एक ग्राउंड एवढंच असेल तर ते होणार नाही. सिंगल कॉइल मी बदललेच नाहीत, नुसते थोडे खाली केले, तेवढ्यानेच ते मोकळे झाले आणि हंबकरशी आवाजाची पातळी पण जुळली.

तक्रारी आहेत. ट्रेमोलो मी वापरतच नाही, मागच्या स्प्रिंगा घट्ट करून ब्रिज बॉडीला टेकवून ठेवलाय, नाहीतर सुरात राहत नाही. अगाथिस मऊ लाकूड आहे, पिकगार्डचे स्क्रू वारंवार काढले-लावले की भोकं सैल होतात, तेव्हा स्क्रू हातानेच फिरवा, मशीन लावू नका. आणि ट्यूनर ठीकठाक, त्याहून जास्त नाही.

ज्याला सोल्डरिंगला हातच लावायचा नाही त्याने सरळ ११२व्ही घ्यावी, अल्डरची बॉडी, अल्निको पिकअप आणि कॉइल स्प्लिट कंपनीतूनच मिळतो. ०१२ सेकंडहँड घेणार असाल तर नेक नजरेच्या रेषेत धरून बघा, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा आणि ट्रस रॉड फिरतो का ते विक्रेत्यासमोरच तपासा. पिकअप खराब निघाला, स्विच खरखरला, पॉट मेलं तरी भाव पाडून खुशाल घ्या, ते तसंही सगळं काढायचंच आहे.